चेंबर कुठे आहे

येणाऱ्या पाण्याचं आम्हाला सगळं ठाऊक.
एक दिवसाआड, पहाटे पाच चाळीसला
नळ आधी खोकतो, मग नर्मदा येते.
पहिल्या तांब्याला मी अजून हात जोडते,
मोटर लावायच्या आधी.
जाणाऱ्या पाण्याला नाव नाही,
इथून पार खान नदीपर्यंत.

मंगळवारी ते परत आलं.
न्हाणीच्या जाळीतून वर :
भाताची पेज, साबण, कालच्या पोह्यांतली मोहरी.
विसरलेलं काही न्यायला यावं
आणि मग बसतोच जरा म्हणावं, तसं.

गेंदालाल आला,
सायकलला बांबूच्या कामट्यांचं वेटोळं.
"चेंबर कहाँ है, माताजी?"

मी ह्यांच्या डायऱ्या काढल्या.
एकोणऐंशी सालची सगळ्यात जाड.
सिमेंट चाळीस गोण्या. वाळू एक ट्रक.
गवंड्यांना चहा, साठ पैसे.
चेंबरबद्दल अक्षर नाही.
साठ पैसे लिहिणारा माणूस
जमिनीत एवढा खड्डा ठेवून गेला, न लिहिता.

पहारीच्या बोथट टोकानं
गेंदालाल अंगण ठोकत फिरला,
छातीचा डॉक्टर पाठ ठोकतो तसा, कान तिरपा करून.
जिन्याखाली भरीव.
कर्दळीपाशी भरीव.
स्कूटरपाशी थांबला, मान हलवली, पुढे गेला.
मग म्हणाला, "नील है घर में?"

अर्धी बाटली ओतली, वर चार बादल्या.
तुंबलं तरी पाणीच ते, झिरपणारच.
आम्ही वाट बघत बसलो.
तो दुसरा चहा पीत होता
तेव्हा भिंतीपलीकडून पोराची आरोळी आली :
"आज्जी, आपल्या मोरीत निळं निळं!"

भिंतीपलीकडे रिसबूड.
अकरा वर्षं आमचं बोलणं नाही.
कारण पेरू.
झाड त्यांचं, फांदी माझ्या वाळवणावर,
एका दुपारी मी माणूस बोलावून फांदी उतरवली.
मुळांचा विषय निघाला नव्हता.

भिंतीच्या बुडाशी खणलं तर झाकण लागलं,
अर्धं इकडे, अर्धं तिकडे,
मधून विटांची ओळ चाललेली.
भिंत नंतरची. पाइप आधीचा.
दोघा नव्या घरमालकांनी खर्च वाचवायला
एकच टाकला असणार,
बायकांना कशाला सांगायचं, म्हणून सांगितला नसणार.
"साझे का है," गेंदालाल म्हणाला,
आणि दंडापर्यंत हात आत घातला.

बाहेर आलं ते दोन हात लांब,
ओलं, केसाळ, पेरूचं मूळ,
त्यात अडकलेली माझी तारेची घासणी,
त्यांचा लाल कंगवा
आणि दोन्ही घरचं थिजलेलं तूप.
ते काही वेगळं काढता येईना.

"अब उधर से पानी छोड़ने को बोलो."
गेंदालालचा हात आत. पोर शाळेत पळालेलं.
बोलायला उरले मी.

भिंतीकडे तोंड करून म्हटलं,
"सोडा."
जरा वेळ काहीच नाही.
मग नळाची चावी फिरल्याचा आवाज.
"सोडलं."
पाणी आलं, गोल फिरलं, निळसर,
एकदा ढेकर दिल्यासारखं झालं.
"जातंय का?"
"जातंय."

एवढंच. पेरूबद्दल त्याही बोलल्या नाहीत, मीही.
आठशे मी दिले. चारशे संध्याकाळी
पोराच्या हातून आले, पाकिटात, सुट्ट्यासकट मोजून.

रात्री साडेदहाला तिकडे कुणी बादली उपडी केली.
ऐकू आली. आधीही येत असेल.

ह्यांच्या डायरीचं शेवटचं पान कोरं होतं.
लिहिलं : चेंबर, पेरूपासून चार फूट,
भिंतीच्या बरोबर खाली. निम्मं आपलं.
गेंदालालचा चहा, दोनदा.
किंमत आठवेना, जागा सोडली.
कागदाला बोटाचा निळा डाग लागला, तो राहू दिला.